पंचांग बघून जेवायला जावं असा मुलुख

मार्गशीर्षातल्या अमावस्येला लातूर शहरात जेवणाच्या शोधात आलेल्या प्रवाशाची पंचाईत होते. त्या दिवशी जिल्ह्यात स्थानिक सुटी असते, गंजगोलाई या मुख्य बाजारपेठेला येऊन मिळणाऱ्या सोळा रस्त्यांवर शुकशुकाट असतो आणि शहर सकाळीच शिवारात निघून गेलेलं असतं. ही वेळ अमावस्या. इथल्या बोलीत येळवस. लातूर, धाराशिव, नांदेडचा काही भाग आणि सीमेपलीकडचे बिदर-कलबुर्गी या पट्ट्यात हा सण सारख्याच उत्साहाने होतो. जिल्ह्यातलं वर्षातलं सगळ्यांत उत्तम जेवण त्या दिवशी शिजतं आणि ते एकाही हॉटेलात मिळत नाही. मराठवाड्यात खाण्यासाठी प्रवास करणाऱ्याने पहिली गोष्ट लक्षात घ्यायची ती ही. इथे कुठे खायचं यापेक्षा कधी खायचं हा प्रश्न मोठा आहे. फ्रान्सचं नाव खाण्याच्या प्रवासासाठी जगभर झालं त्याच्या मुळाशीही हाच विचार होता. आपल्या शहरांतल्या हौशी स्वयंपाकघरांनी फ्रेंच पद्धतीच्या नावाखाली तिथले सॉस उचलले, हा विचार मात्र तिथेच राहिला. तो उचलायचा असेल तर लातूर-नांदेडसारखी जागा महाराष्ट्रात दुसरी सापडणं कठीण, असं माझं मत आहे.

आधी येळवसीचं ताट नीट पाहू. भज्जी हा त्यातला मुख्य पदार्थ. मुंबई-पुण्याच्या वाचकाला या नावावरून तळलेली भजी आठवतील, पण ही भज्जी पातळ असते. तुरीचे ओले दाणे, हरभऱ्याचे सोलाणे, वाटाणा, भुईमूग, वालाच्या शेंगा, मेथी, चुका, पालक, पातीचा कांदा, गाजर, वांगं, बोरं असं शिवारात आणि बाजारात त्या आठवड्यात जे असेल ते सगळं एकत्र शिजतं. त्याला चिंचेच्या कोळाचा किंवा ताकाचा आंबटपणा आणि बेसनाचा दाटपणा मिळतो. कोणत्या घरात काय पडतं ही यादी दर घरी वेगळी. सोबत ज्वारी-बाजरीचे वाफवलेले उंडे, बाजरीची भाकरी, धपाटे, तिळाची आणि शेंगदाण्याची पोळी, गव्हाची खीर. आणि ज्वारीचं पीठ ताकात आंबवून केलेली, लसूण-जिऱ्याची आंबील. शेतात कडब्याची कोप उभारतात, तिच्यात चुन्याने रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून मांडतात, पूजा होते आणि मग पंगत बसते. शेत नसलेल्या ओळखीच्या माणसांना आवर्जून बोलावतात, वाटेने जाणाऱ्यालाही हाक मारून बसवून घेतात. संध्याकाळी पेटवलेला हेंडगा, म्हणजे पेंढीची मशाल, शेताभोवती फिरवून दिवस संपतो.

हे ताट त्याच दिवशी का जमतं, याचं उत्तर मातीत आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा दख्खनी बेसॉल्ट झिजून ही काळी जमीन तयार झाली. लातूरला वर्षाकाठी सरासरी आठशे मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळपास सगळा जून ते ऑक्टोबर या काळातच. पण भारी काळी माती हा ओलावा धरून ठेवते आणि त्या ओलीवर, पाण्याची पाळी न देतासुद्धा, रब्बीची ज्वारी, हरभरा, करडई वाढतात. खरिपात पेरलेली तूर याच सुमाराला शेंगांनी भरते. म्हणजे मार्गशीर्ष संपताना खरिपाचं शेवटचं आणि रब्बीचं पहिलं, दोन्ही हंगामांचं कोवळं धान्य एकाच शिवारात उभं असतं. पंधरा दिवस आधी तुरीचा दाणा भरलेला नसतो, महिन्याने तो कडक झालेला असतो. भज्जी ही त्या थोडक्या दिवसांची नोंद आहे. एखाद्याने हीच भाजी गोठवलेल्या वाटाण्यावर मे महिन्यात केली तर ती खाण्याजोगी होईल, पण तिला भज्जी म्हणायला इथली कुठलीही म्हातारी तयार होणार नाही, आणि तिचंच बरोबर असेल.

आता फ्रान्सकडे वळतो. १९०० साली मिशलिन या टायर कंपनीने मोटारवाल्यांसाठी मार्गदर्शक पुस्तिका काढली. पहिल्या आवृत्तीच्या ३५,००० प्रती फुकट वाटल्या. लोकांनी गाड्या पळवाव्यात म्हणजे टायर झिजतील, हा सरळ धंद्याचा हिशेब होता. १९२६ मध्ये त्या पुस्तिकेत उपाहारगृहांना तारे देणं सुरू झालं. पण याच काळात आणखी एक काम चाललं होतं आणि माझ्या मते ते जास्त महत्त्वाचं होतं. मोरिस सायाँ नावाचा लेखक क्युर्नोन्स्की या टोपणनावाने लिहीत असे. मार्सेल रूफ या मित्राला सोबत घेऊन त्याने १९२१ पासून प्रांताप्रांताच्या खाद्यपदार्थांवर पुस्तकांची मालिका काढली. पॅरिसच्या भपकेबाज हॉटेलांपेक्षा खेड्यातल्या खाणावळीत, गृहिणीच्या चुलीवर आणि त्या प्रांताच्या मातीत खरा स्वयंपाक आहे, ही त्याची भूमिका. कायदाही मागोमाग आला. १९२५ मध्ये रोकफोर चीजचं नाव कायद्याने राखीव झालं, १९३५ मध्ये अशा नावांची देखरेख करणारी राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. २०१० मध्ये युनेस्कोने फ्रेंच भोजनपरंपरेला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं, तेव्हा तिच्यामागे सुमारे शतकभराची ही नोंदीची आणि कायद्याची मेहनत होती. चव तिथल्या मातीत आधीपासून होतीच. तिला नाव देणं, हद्द आखणं, हंगाम ठरवणं आणि ती खायला लोकांनी तिथवर जावं अशी वाट तयार करणं, हे माणसांनी केलं.

या इतिहासातला एक तपशील लातूरकरांनी विशेष लक्षात ठेवावा असा आहे. फ्रान्सच्या मध्यभागी ल पुई नावाचं गाव आहे. भोवतीची जमीन ज्वालामुखीच्या खडकाची, पाऊस बेताचा. तिथे एक हिरवट, बारीक मसूर पिकतो. १९९६ मध्ये या मसुराला उगमस्थानाचं अधिकृत मानांकन मिळालं. चीज आणि वाइनच्या रांगेत एक साधं कडधान्य जाऊन बसलं. आज पॅरिसच्या महागड्या हॉटेलांच्या पदार्थयादीत त्या मसुरापुढे गावाचं नाव छापतात. निलंगा तालुक्यातलं बोरसुरी हे असंच एक गाव. तिथल्या तूरडाळीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच वर्षी त्याच तालुक्यातल्या पानचिंचोलीच्या चिंचेला आणि औसा तालुक्यातल्या आशिव भागातल्या कास्ती कोथिंबिरीलाही ते मिळालं. डाळ, चिंच आणि कोथिंबीर! आमटीचं अर्धं सामान एकाच जिल्ह्यातून, नावानिशी, कायद्याच्या संरक्षणासह. शेजारच्या धाराशिवचा कुंथलगिरीचा खवा आणि हिंगोलीची वसमतची हळद जमेस धरली तर लातूरहून एका दिवसाच्या अंतरात मानांकनाच्या मालावर पूर्ण जेवण उभं राहतं.

यावर एक आक्षेप ठरलेला आहे आणि तो खोटा नाही. मानांकनाचा कागद आला म्हणून काय झालं? लातूरच्या आडत बाजारात तुरीचा सौदा होतो तेव्हा कोणी गाव विचारत नाही, डाळमिलमध्ये गेलेली तूर दहा तालुक्यांची मिळून एक होते आणि पोत्यावर मिलचा छाप येतो. हे सगळं बरोबर आहे. पण कागद हा शेवट नसून सुरुवात आहे, हे ल पुईच्या उदाहरणातूनच दिसतं. तिथल्या मसुराला किंमत आली ती मागणाऱ्याने नाव घेऊन मागितल्यावर, आणि नाव घेऊन मागणारा ग्राहक बहुतेक वेळा तिथे जाऊन, खाऊन आलेला असतो. म्हणूनच खाण्यासाठी केलेला प्रवास हे श्रीमंतांचं चोचलं नाही, शेतमालाच्या बाजारपेठेचा तो भाग आहे. लातूरला सिद्धेश्वराच्या दर्शनाला किंवा उदगीरचा किल्ला पाहायला येणारा माणूस परतताना पाच किलो बोरसुरीची डाळ गावातून विकत नेऊ लागला, तर त्या कागदाचा उपयोग दिसू लागेल. गावाच्या फाट्यावर तशी सोय असायला हवी, हे अर्थातच स्थानिक शेतकरी गटांचं काम.

लातूर ते नांदेड रस्ता दीडशे किलोमीटरच्या आतबाहेर. गाडीने सरळ गेलं तर तीन-साडेतीन तासांत संपतो, पण सरळ जाऊ नये. दक्षिणेला औसा आणि निलंगा करून, पूर्वेला देवणी आणि उदगीरला वळून, मग उत्तरेला कंधार-लोह्यावरून नांदेडला पोचणारा वळसा घ्यावा. निलंग्यात ‘निलंगा राईस’ या नावाने गाड्यांवर मिळणारा मसालेभात जिल्ह्यात सगळीकडे पोचलाय. तो बारमाही पदार्थ आहे, खावा आणि पुढे निघावं. थांबायचं ते देवणीला, कारण इथून जनावरांची गोष्ट सुरू होते. देवणी ही पांढऱ्यावर काळे ठिपके असणारी गाय दुधाला आणि तिचा बैल कामाला, अशी दुहेरी उपयोगाची जात. पुढे कंधारला तिची शेजारीण लाल कंधारी. आंबिलीचं ताक, भाकरीवरचं लोणी, खिरीतलं दूध हे सगळं या गाईंच्या जिवावर उभं राहिलं. त्या गाई जगल्या ज्वारीच्या कडब्यावर. कडबा कमी झाला की गोठा रिकामा होतो आणि गोठा रिकामा झाला की ताक पिशवीतून येतं. पदार्थ टिकवायचा तर त्याच्या मागची ही साखळी पाहावी लागते, आणि ती पाहण्यासाठी सर्वांत योग्य जागा म्हणजे लोहा तालुक्यातलं माळेगाव. खंडोबाची इथली यात्रा नेमकी वेळ अमावस्येच्या सुमाराला भरते आणि तिच्यात जनावरांचा मोठा बाजार असतो. म्हणजे एकाच खेपेत येळवसीचं जेवण आणि ते ज्याच्यावर उभं आहे ते पशुधन, दोन्ही पाहता येतं. पंचांगाने घालून दिलेला हा प्रवासमार्ग कुठल्याही पर्यटन संस्थेला याहून चांगला आखता आला नसता.

तिथून पंधरा-वीस दिवसांनी, पौषात, हुरड्याचे दिवस येतात. ज्वारीचं कणीस दुधातून घट्ट होऊ लागलं की गोवऱ्यांच्या आगटीत भाजायचं, हातावर चोळायचं आणि शेंगदाण्याच्या चटणीबरोबर, दह्याबरोबर किंवा गुळाबरोबर गरम असतानाच खायचं. हुरड्याची खरी किंमत वेगात आहे. आगटीपासून तोंडापर्यंतचा वेळ जितका लांबेल तितका दाणा चिवट होत जातो. तो पाकिटात भरून शहरात विकण्याचे प्रयत्न होतात. त्यांना नावं ठेवायची नाहीत, पण ज्याने तेवढाच खाल्ला त्याने हुरडा खाल्लेला नाही.

नांदेडला पोचल्यावर मात्र माझ्या मांडणीसमोर एक खरी अडचण उभी राहते. या शहरातली दोन मोठी स्वयंपाकघरं शेताच्या हंगामाला बांधलेली नाहीत. पहिलं गुरुद्वाऱ्याचं. गुरू गोबिंदसिंगजी १७०८ मध्ये इथे ज्योतीत विलीन झाले. तख्त सचखंड श्री हजूर साहिबची आजची वास्तू महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ या काळात उभारली. इथला लंगर बाराही महिने, जात-धर्म न विचारता चालतो. डाळ, रोटी, भाजी, खीर हा क्रम पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात सारखाच. दुसरं स्वयंपाकघर जुन्या शहरातलं. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत नांदेड हैदराबाद संस्थानात होतं आणि बिर्याणी, तहरी, रमजानातला हलीम ही त्या काळाची जिवंत शिल्लक. हिजरी वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असल्यामुळे रमजान दरवर्षी तेवढा मागे सरकतो आणि तेहतीसेक वर्षांत सगळ्या ऋतूंमधून एक फेरी पुरी करतो. मग हंगामाचा आग्रह इथे कसा टिकतो? माझं उत्तर असं की हंगाम हा वेळेचा एक प्रकार झाला. या दोन घरांची वेळ श्रद्धेने ठरवलेली आहे. लंगरचा अर्थच अखंडपणात आहे, त्यात ऋतू शोधणं चूक ठरेल. हलीम रोज संध्याकाळी उपास सुटताना खाण्याचा पदार्थ, तो रमजानाबाहेर खाल्ला तर मांस आणि गहू तेच राहतात, भूक वेगळी असते. दोन्ही ठिकाणी प्रवाशाला हेच कळतं की जेवणाला एक वेळ आणि एक कारण असतं. त्यामुळे माझी मांडणी थोडी रुंद करावी लागते, मोडावी लागत नाही.

पावसाळ्यात जायचं असेल तर नांदेड जिल्ह्याचं उत्तर टोक गाठावं. किनवट-माहूरचा भाग सागाच्या जंगलाचा आहे, पैनगंगेच्या काठाने जातो आणि तिथे गोंड, कोलाम, आंध या समाजांची वस्ती आहे. आषाढ-श्रावणात करटुली, कुर्डू, तरोटा, आघाडा यांची कोवळी पानं-फळं आठवडी बाजारात येतात. या रानभाज्यांची ओळख ज्यांच्याकडे आहे त्या बायकांकडूनच घ्यावी. कोणतं पान कोणत्या वयाचं खायचं, कशाचं पहिलं पाणी टाकायचं, ही माहिती पुस्तकावरून आजमावण्याची नाही. माहूरगडावर रेणुकामातेचा कुटलेल्या विड्याचा तांबूल प्रसाद म्हणून मिळतो, तो चुकवू नये. परतीच्या वाटेवर अर्धापूर लागतं. तिथली केळी सर्वांना माहीत आहेत, त्यांच्यासाठी वेगळं सांगायला नको.

आता सगळ्यांत गंभीर आक्षेप. हा दुष्काळी मुलुख. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेच्या टाक्यांतून पिण्याचं पाणी आणावं लागलं. ज्वारीची भाकरी, आंबील, अंबाडीची भाजी, ठेचा हे पदार्थ लोकांनी आवडीने निवडले नव्हते, दुसरं काही परवडत नव्हतं म्हणून खाल्ले. गहू आणि तांदूळ परवडू लागल्याबरोबर त्यांनी ज्वारी सोडली. अशा गरिबीच्या अन्नाचं कौतुक करणं पोट भरलेल्यांना शोभतं, असं कोणी म्हणालं तर त्याला टाळून पुढे जाता येणार नाही. पण फ्रान्सचा अनुभव इथे पुन्हा उपयोगी पडतो. ब्रिटनी प्रांताची जमीन हलकी, तिथे गहू नीट पिकत नसे, म्हणून शेतकरी कुट्टूचं पीठ पाण्यात कालवून तव्यावर पातळ धिरडी घालत. ही गॅलेट गरिबाचीच होती. कांद्याचं सूप, पांढऱ्या घेवड्याचं कासुले, हाडांसकट मांस आणि कंदमुळं तासन्‌तास उकळून केलेलं पो-तो-फ, हे सगळं शेतमजुरांच्या चुलीवरून वर आलं. गरिबीतून आलेलं अन्न गरिबीतच ठेवायचं की पिकवणाऱ्याला त्यातून चार पैसे मिळवून द्यायचे, हा खरा प्रश्न आहे. पाण्याचा मुद्दा तर माझ्याच बाजूने बोलतो. रब्बीची ज्वारी, तूर, हरभरा, करडई ही या मातीच्या ओलीवर येणारी पिकं आहेत. ऊस तसा नाही. करडईचं उदाहरण घ्या. तिचं तेल इथलं जुनं तेल, कोवळ्या पानांची भाजी हिवाळ्यातली आवडीची, पण काटे असल्यामुळे काढणीला मजूर मिळेनात आणि सोयाबीनच्या लाटेत तिचं क्षेत्र आटत गेलं. शहरातल्या स्वयंपाकघराने घाण्याचं करडई तेल मागितलं, तर या जिल्ह्यातल्या पाण्याच्या हिशेबाला तेवढाच हातभार लागतो.

तेव्हा आता घरच्या चुलीकडे. फ्रेंच पद्धतीचा हंगामी स्वयंपाक करायचा म्हणजे त्यांचं कॅलेंडर उचलायचं, ही पहिली चूक. वांगी, टोमॅटो, ढोबळी मिरची आणि झुकिनी यांचं रातातुई हे तिथे जुलै-ऑगस्टचं, कडक उन्हाळ्याचं जेवण. लातूरच्या मंडईत वांगी आणि टोमॅटो सर्वांत चांगले आणि स्वस्त मिळतात ते डिसेंबर-जानेवारीत. रातातुई इथे हिवाळ्यातच करावं आणि झुकिनीच्या जागी कोवळा दोडका घ्यावा. तंत्र मात्र त्यांचं घ्यायचं: प्रत्येक भाजी वेगळी परतायची आणि शेवटी एकत्र करून मंद आचेवर मुरवायची. एकदम टाकल्या की टोमॅटोच्या पाण्यात वांग्याचा लगदा होतो. दुसरा पदार्थ मटारचा. फ्रान्समध्ये वसंत ऋतूतले कोवळे मटार लेट्यूसची पानं, पातीचे कांदे आणि लोणी यांच्यासोबत झाकण ठेवून शिजवतात. येळवसीच्या आठवड्यात दोन वाट्या तुरीचे ओले दाणे घ्यावेत, ते मटारपेक्षा कणखर असतात म्हणून आधी मिठाच्या उकळत्या पाण्यात सात-आठ मिनिटं काढावेत. मग पातेल्यात चमचाभर घरचं लोणी, सहा-सात पातीचे कांदे, मूठभर करडईची किंवा चाकवताची कोवळी पानं, दाणे, अर्धी वाटी पाणी, मीठ आणि गुळाचा लहान खडा. झाकण ठेवून पंधरा मिनिटं. मसाला काहीही नाही. मराठवाड्याच्या जिभेला हे आधी फिकं वाटेल हे मला मान्य आहे, पण ओल्या तुरीला स्वतःची एक हिरवी गोडी असते आणि ती काळ्या मसाल्याखाली कधी कळत नाही. वर्षातून एकदा तिला बोलू द्यावं.

प्रोव्हान्समध्ये उन्हाळ्याच्या शेवटी शेंगा आणि भाज्यांचं एक सूप करतात. त्यात तुळशीच्या जातीची पानं, लसूण आणि ऑलिव्ह तेल वाटून केलेली पिस्तू नावाची कच्ची चटणी घालतात. या सुपाचं मर्म असं की चटणी भांडं खाली उतरवल्यावर घालतात, ती कधीच शिजू देत नाहीत, त्यामुळे वास उडून जात नाही. कास्ती कोथिंबिरीची ओळख तिच्या वासावरून आहे आणि आपण ती फोडणीत किंवा उकळत्या आमटीत घालून तिचा अर्धा वास वाफेवर सोडून देतो. सोलाणे, गाजर, लाल भोपळा आणि वालाच्या शेंगा साध्या पाण्यात शिजवून घ्याव्यात. कोथिंबीर, चार पाकळ्या लसूण, मीठ आणि तीन चमचे घाण्याचं करडई तेल खलबत्त्यात कुटावं आणि ताटलीत वाढल्यावर प्रत्येकाने आपापल्या सुपात कालवावं. चीज लागत नाही. चौथा पदार्थ गॅलेट. वाटीभर ज्वारीचं पीठ, दोन चमचे उडदाचं पीठ आणि मीठ आंबट ताकात सैल भिजवून रात्रभर ठेवावं. ज्वारीत चिकटपणा नसल्यामुळे नुसतं धिरडं फाटतं. उडीद ते धरून ठेवतो. तापलेल्या बिडाच्या तव्यावर पातळ पसरावं, मध्ये अंडं फोडावं किंवा परतलेला चुका ठेवावा, चारही कडा आत दुमडून चौकोन करावा आणि वर लोणी सोडावं. आंबिलीचं पीठ आणि ब्रिटनीचा आकार यांचं इथे चांगलं पटतं. आंबटासाठी फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये येणारी नवी चिंच आणि गूळ यांचा कोळ आटवून ठेवावा. फ्रेंच स्वयंपाकी साखर आणि व्हिनेगर आटवून जे काम करतात ते आपली चिंच अधिक खोल चवीने करते.

ही सगळी सरमिसळ झाली, ना धड फ्रेंच ना धड मराठवाडी, असं म्हणणारे भेटतील. त्यांनी सोयाबीन, टोमॅटो, मिरची आणि भुईमूग यांचा या जिल्ह्यातला इतिहास पाहावा; यातलं काहीही मूळचं इथलं नाही आणि तरी भुईमुगाशिवाय येळवस होत नाही. परक्या तंत्राने आपलं पीक बाटत नाही. ते बाटतं आपण त्याची वेळ मोडतो तेव्हा. उलट बाजूचा आक्षेप मला जास्त बोचतो: खाण्यासाठी येणाऱ्यांची गर्दी वाढली तर येळवस हा विकत घेण्याचा कार्यक्रम होईल, कोपीपुढे तिकिटाचं टेबल लागेल. हा धोका खरा आहे. त्यावर माझ्याकडे एकच उपाय आहे. येळवसीला जायचं ते ओळखीतून, आमंत्रणाने आणि पाहुणा म्हणून. त्या ताटाचे पैसे देऊ नयेत. पैसे खर्च करायचे ते दुसऱ्या दिवशी, डाळ, चिंच, करडई तेल, कडब्यावर पोसलेल्या गाईचं तूप विकत घेताना, भाव न करता. हुरडा पार्ट्या आणि शेतावरची जेवणं हा वेगळा व्यवसाय आहे, तो खुशाल व्हावा.

एक काम मात्र बाहेरच्या प्रवाशाला करता येणार नाही. क्युर्नोन्स्कीने प्रांतोप्रांती जाऊन जे लिहून ठेवलं तसं भज्जीबद्दल फारसं कोणी लिहून ठेवलेलं नाही आणि दर घरची यादी ज्यांना तोंडपाठ आहे त्या बायका आता सत्तरीच्या पुढे आहेत. लातूर-नांदेडच्या वाचकांनी येत्या येळवसीला आपल्या घरच्या भज्जीत काय काय पडलं ते पाल्याच्या स्थानिक नावासकट, कोणत्या शेतातून आलं यासकट आणि तारखेसकट वहीत लिहावं. पुढच्या वर्षी त्याच वहीत पुढचं पान लिहावं.